व्हॅक्यूम पंपाचे तेल
ऊस विकास विभागाकडून

गोठ्यात दूधयंत्र बसवण्याची हौस आपल्या कार्यक्षेत्रात वाढते आहे, आणि ती वाजवी आहे. गळीत हंगामात घरातली माणसे फडावर असतात, धारेला गडी मिळत नाही, आणि आठ-दहा जनावरांची धार हाताने काढायची म्हणजे घरच्या बाईचे मनगट संध्याकाळी उचलत नाही. तेव्हा यंत्र घेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. मात्र या यंत्राचा जीव ज्या पंपात असतो, तो पंप मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या मालाच्या बाजारातून स्वस्तात आणण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याविषयी चार गोष्टी स्पष्ट सांगणे आम्हांला जरूर वाटते.

ऊस विकास अधिकाऱ्याने पंपावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण गट ऑफिसात बेण्याची चौकशी करायला आलेला सभासद निघता निघता मोबाईलवरचा फोटो पुढे करतो आणि विचारतो, "साहेब, हा घेऊ का? एकोणतीस इंच व्हॅक्यूम देतोय म्हणे." त्याला उत्तर द्यावेच लागते. शिवाय आपल्या जैविक खत प्रयोगशाळेत तेलावर चालणारा एक व्हॅक्यूम पंप आहे, त्याची निगा आमच्याच खात्याकडे असते. त्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने अंधेरी, साकीनाका भागात आमच्या फेऱ्या झाल्या, आणि तिथल्या मिस्त्री लोकांनी आम्हांला जे हातात धरून दाखवले त्यातलेच पुढे लिहीत आहोत.

एकोणतीस इंच हा आकडा खोटा नसतो. पण त्या आकड्यावर पंप घेणे म्हणजे शिंगे पाहून गाय घेण्यासारखे आहे.

व्हॅक्यूम म्हणजे निर्वात. बंद भांड्यातली हवा जितकी उपसावी तितका तो वाढतो. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे जवळजवळ तीस इंच असतो. त्यामुळे मुंबईत चांगला पंप एकोणतीस इंचांच्या वर सहज जातो. आपला मुलूख समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. इथे हवेचा दाबच मुळी ७१० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे अठ्ठावीस इंच. तोच पंप तुमच्या गोठ्यात आणून लावला तर काटा अठ्ठावीसच्या पुढे जाणार नाही, कितीही डोके आपटले तरी. एका सभासदाने या एका इंचावरून व्यापाऱ्याशी फोनवर बरेच भांडण केले. त्या एका इंचात व्यापाऱ्याचा दोष नव्हता.

आता काम पाहू. आपल्याच कारखान्यात आणि त्याच्या आवारात व्हॅक्यूमची दोन निरनिराळी कामे चालतात. पॅनमध्ये साखर शिजते ती पंचवीस-सव्वीस इंच व्हॅक्यूममध्ये. दाब कमी असल्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान उकळतो, करपत नाही, साखर पिवळी पडत नाही. ही युक्ती एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास काढली आणि आजही जगभर साखर अशीच शिजते. पॅनवर 'व्हॅक्यूम तुटला' अशी हाळी आली की पॅनमनची धावपळ का उडते ते यावरून कळेल. त्या ठिकाणी वाफेचा लोंढा असतो. तो कंडेन्सरमध्ये पाण्याने थंड करून उरलेली हवा ओढायची, म्हणून तिथे पाण्याच्या कड्यावर चालणारे मोठे पंप बसवतात. त्यांना वाफेची भीती नाही, कारण त्यांच्या पोटात मुळात पाणीच असते.

दुसरे काम जैविक खत प्रयोगशाळेत. तुम्ही उसाला सोडता त्या जिवाणूंचे मूळ वाण जपायचे तर ते गोठवून सुकवावे लागते, म्हणजे ते दीर्घकाळ जिवंत राहते. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जावा यासाठी दाब साडेचार मिलिमीटरच्या खाली न्यावा लागतो, आणि प्रत्यक्षात त्याहूनही पुष्कळ खाली. हे पाण्याच्या पंपाने होत नाही, कारण त्याच्या पोटातले पाणीच त्या दाबाला उकळू लागते. तिथे तेलाचा पंप लागतो. त्याने ओढायची हवा थोडी, पण शेवटपर्यंत ओढायची.

आणि दूधयंत्र? त्याला लागतो फक्त बारा ते पंधरा इंच. पॅनच्या निम्म्याने. पण या पंधरा इंचाला सारखी हवा खावी लागते. पल्सेटर मिनिटाला पन्नास-साठ वेळा ठोके देतो, दर ठोक्याला थोडी हवा आत घेतो. चार कप जिथे एकत्र येतात त्या क्लॉला मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते, तिथून हवा येते. कप चढवताना, काढताना येते. रेग्युलेटर तर हवा आत सोडण्यासाठीच असतो. म्हणून दूधयंत्राच्या पंपाला खोल उपसा नको, पाणी जास्त हवे, असे विहिरीच्या भाषेत म्हणता येईल. प्रयोगशाळेचा पंप म्हणजे बोअरच्या तळाचे अर्धा इंच पाणी काढणारा. दूधयंत्राचा म्हणजे पाटाला पाणी देणारा. दोघांच्या प्लेटवर 'व्हॅक्यूम पंप' असेच लिहिलेले असते, त्याला कोण काय करणार!

तेलाचे काम काय

पंपाचे पोट उघडून पाहिले तर आत विशेष काही नाही. एक गोल नळकांडे, त्यात मधोमध न बसवता एका बाजूला टेकवून बसवलेला गोल रोटर. रोटरला खाचा, खाचांत सरकणारी पाती. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन नळकांड्याच्या भिंतीला घासत जातात, एका बाजूने हवा गोळा करतात, दुसऱ्या बाजूला दाबून झडपेतून बाहेर ढकलतात.

आता पाते आणि भिंत यांच्यात बारीक फट राहणारच. ती फट तेल बुजवते. सायकलच्या पंपाचा वायसर सुकला की कितीही मारले तरी हवा भरत नाही, आणि तेलाचे दोन थेंब दिले की भरते, हे आपण लहानपणी सगळ्यांनी केले आहे. इथे तेच आहे, फक्त मिनिटाला शेकडो वेळा. इंजिनातले तेल घर्षण कमी करायला असते. या पंपातले तेल तेही करते, उष्णता वाहून नेते, गंज धरू देत नाही, पण त्याचे पहिले काम हवा अडवणे. म्हणून साकीनाक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आम्हांला सांगितले की पंप तपासायचा म्हणजे आधी तेल तपासायचे, लोखंड मागाहून.

या तेलाचा वैरी पाणी. वाफ पंपात शिरते तेव्हा वाफच असते. पण पाते तिला दाबून बाहेर ढकलायला जाते तेव्हा त्या दाबाने तिचे पाणी होते, आणि ते पाणी बाहेर न जाता तेलात मिसळते. तेल ताकासारखे पांढरट दिसू लागते. असे तेल फट नीट बुजवत नाही, व्हॅक्यूम घसरतो, आतून गंज धरतो. यावर वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली उपाय काढला. हवा दाबली जात असताना ऐन वेळी बाहेरची थोडी कोरडी हवा आत सोडायची, म्हणजे वाफेचे पाणी होण्याआधीच झडप उघडते आणि वाफ हवेबरोबर निघून जाते. याला गॅस बॅलास्ट म्हणतात. चांगल्या पंपावर त्याची छोटी चावी असते. पुष्कळ ठिकाणी आम्ही ती चावी रंग लागून घट्ट बसलेली पाहिली, म्हणजे वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही.

बाजार कुठला आणि माल कोणता

घाटकोपर ते मुलुंड हा जुन्या आग्रा रोडचा, म्हणजे आताच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाचा पट्टा एके काळी कारखान्यांच्या भोंग्यांनी जागा व्हायचा. औषधे, रंग, यंत्रे, काय नाही असे नव्हते. अंधेरी पूर्वेला मरोळची एमआयडीसी, आणि तिच्याच शेजारी १९७३ साली सुरू झालेला इलेक्ट्रॉनिक मालाचा निर्यात विभाग, ज्याच्या नावात सांताक्रूझ आहे आणि जागा मात्र अंधेरीत. विक्रोळीच्या गोदरेज कंपनीने १९५८ साली फ्रिज बनवायला घेतले, आणि फ्रिजच्या नळ्यांत गॅस भरण्यापूर्वी आतली हवा आणि ओल तेलाच्या पंपानेच उपसावी लागते. औषधांच्या कारखान्यात पावडर सुकवायला हाच पंप. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात तर व्हॅक्यूम हे स्वतंत्र शास्त्रच आहे. १९७० साली स्थापन झालेल्या इंडियन व्हॅक्यूम सोसायटीचे ठाणे तिथलेच. म्हणजे या पंपांची जाण असलेली माणसे उपनगरांत पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली, यात नवल नाही.

पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला. एकेक कारखाना बंद झाला किंवा बाहेर गेला, त्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. यंत्रे मात्र कुठेतरी जाणारच. ती साकीनाका, कुर्ला भागातल्या गाळ्यांत आली, आणि अजून कुठून कुठून येत असतात. हिरवा किंवा निळा रंग मारून ओळीने मांडलेले पंप तिथे पाहायला मिळतात. जाण्याची सोय आता चांगली आहे. कोल्हापूरकडून येणाऱ्या गाडीने कल्याणला उतरून लोकलने घाटकोपर, आणि तिथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने साकीनाका. गर्दीचे काय ते मात्र आम्ही सांगत नाही.

या बाजाराला आम्ही नावे ठेवणार नाही. आपल्या प्रयोगशाळेच्या पंपाला नवी पाती, नवे ऑइल सील आणि झडपेच्या पट्ट्या तिथल्याच एका गाळ्यात बसवल्या. मिस्त्रींनी जुनी पाती आमच्या हातात दिली, एका बाजूने सुरीसारखी झिजलेली. काम चोख झाले. पण विकत घेताना मालाची जात ओळखता आली पाहिजे.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा की पंप कुठून निघाला. औषधांच्या, रंगांच्या किंवा कोणत्याही रसायनांच्या कारखान्यातून निघाला असेल तर दुधासाठी तो घेऊ नये, फुकट मिळाला तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या पंपाने आयुष्यभर कसली वाफ ओढली हे आता कोणी सांगू शकत नाही. ती रसायने तेलात मुरतात, पात्यांत मुरतात, सांध्यांत बसतात. पंप तर हवा बाहेर टाकतो, मग दुधाला काय होणार, असे विचाराल. चालू असताना काही होणार नाही. पण लाईनीत व्हॅक्यूम असताना वीज गेली आणि मधली एकमार्गी झडप नसली किंवा कचऱ्याने अडकली, तर लाईन उलट तेल ओढून घेते. आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्हांला सांगायला नको. ते तेल बकेटपर्यंत आले तर ते दूध संस्थेत जाईल आणि पोरांच्या पोटातही. म्हणून अशा पंपाच्या तेलाचा वासही जवळ नाक नेऊन घेऊ नका. व्यापारी 'फूड लाईनचा माल आहे' म्हणाला तर ते त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या. लिहून देतो की नाही, त्यावरून पुष्कळ कळते.

दुसरा प्रश्न असा की तो दिवसभर पंधरा इंचांवर चालण्यासाठी बनवलेला आहे का. दोन टप्प्यांचा, खोल व्हॅक्यूमचा पंप पंधरा इंचांवर सतत हवा ओढू लागला की तापतो, आणि त्याचे तेल धूर होऊन मागच्या तोंडाने निघून जाते. तो पंप खराब नसतो, त्याला नको ते काम दिलेले असते.

आपल्या भागातली एक गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. एका सभासदाने उपनगरातून असाच पंप आणला. गाळ्यात तोंडावर हात ठेवला तर तळहात खेचला जाई, काटा एकोणतीसवर. घरी दोन बकेट लावल्याबरोबर काटा आठ इंचांवर आला. कप गळून पडू लागले. मग गड्याने काय केले, तर कप पडू नयेत म्हणून रेग्युलेटर आवळला. पहिल्या गाईला बकेट लावली की आठ, दुसरी काढली की एकदम वीसच्या वर. आठवडाभरात पंपाचे तेल संपून पंप जाम झाला, ते परवडले. पण सडांवर त्या आठवड्यात जो मार बसला त्यातून दोन गाईंना दगडी झाली, आणि एका गाईचा एक सड कायमचा गेला. पंपात वाचलेल्या पैशांहून डॉक्टरांचे बिल मोठे झाले, आणि औषध चालू असलेल्या दिवसांचे दूध ओतून द्यावे लागले ते वेगळे.

व्हॅक्यूम जास्त झाला की सडाचे टोक सुजते, सड निळसर दिसतो, बुडाशी कड्यासारखी खूण उठते आणि गाय लाथ मारू लागते. कमी झाला किंवा वरखाली होऊ लागला की कप सरकतात, हवा घुसते आणि एका सडाचे दूध झोताने दुसऱ्या सडाच्या तोंडावर जाऊन आपटते. कासदाहाचे जंतू याच वाटेने पसरतात. गाय नाठाळ झाली असे म्हणण्यापूर्वी गेजचा काटा पाहावा.

म्हणून गाळ्यात तपासणी करायची ती अशी. पंपाच्या तोंडाला चावी आणि गेज लावायला सांगा. चावी पूर्ण बंद करून काटा कुठवर जातो ते पाहून घ्या, पण त्यावर खूश होऊ नका. मग चावी हळूहळू उघडा आणि काटा पंधरा इंचांवर आणून ठेवा. तसाच अर्धा तास, जमल्यास तासभर चालू द्या. व्यापारी चहा मागवील, प्या, पण पंप बंद करू देऊ नका. काटा ढळतो का पाहा. मागच्या तोंडासमोर हातभर अंतरावर पांढरा कागद धरा. थोडा ओशटपणा येणारच, पण कागद भिजून तेल टपकू लागले तर तो पंप तुमचा नव्हे. मोटर किती अँपिअर घेते ते मीटरने मोजून प्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. हवा किती ओढतो तो आकडा प्लेटवर असतो, लिटर प्रति मिनिट असा. पंधरा इंचांवर हवा निम्मी विरळ झालेली असते, म्हणून शंभर लिटरचा पंप तिथे बाहेरची पन्नासच लिटर हवा ओढतो. आपल्या उंचीवर त्याहूनही थोडी कमी. प्रयोगशाळेतले लहान पंप पन्नास-शंभर लिटरचेच असतात. दोन बकेटच्या यंत्राला ते पुरत नाहीत. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत पंधरा इंचांवर किती हवा लागते ते दिलेले असते, तो आकडा लिहून खिशात घेऊन जा.

इतके करूनही तीन-चार गाई असणाऱ्याने दूधयंत्रासाठी बनवलेला नवा पंपच घ्यावा असे आम्हांला वाटते. सुटे भाग मिळतात, आणि बिघडला तर तालुक्याला माणूस असतो. तेलाशिवाय चालणारे, ग्राफाइटच्या पात्यांचे पंपही आता आहेत. तेलाचा त्रास नाही, मात्र पाती महाग आणि ओल लागली की लवकर जातात.

घरी आणल्यावर

यंत्रासाठी बनवलेल्या पुष्कळ पंपांत तेल थेंब थेंब आत जाते आणि हवेबरोबर बाहेर पडते, ते परत वापरले जात नाही. तिथे बाटली रोज भरलेली पाहणे आणि थेंब पडतो की नाही ते पाहणे हीच निगा. बाहेर पडलेले तेल गोळा करून परत बाटलीत ओतणारे महाभाग आहेत. त्यांनी तसे करू नये. ज्या पंपात तेल पोटातच फिरत राहते त्याच्या अंगावर तेलाची काच असते. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर फट उघडी पडते, जास्त भरले तर बाहेर फेकले जाते. रोज धारेआधी त्या काचेत पाहावे. मधासारखे स्वच्छ असेल तर ठीक. पांढरट म्हणजे पाणी, काळे म्हणजे तापले किंवा घाण गेली. आपण पाकाचा रंग पाहून राब कशी झाली ते सांगतो, तितकेच हे सोपे आहे.

तेल कोणते? पंप बनवणाऱ्याने सांगितलेले व्हॅक्यूम पंपाचेच. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे नको. इंजिनाच्या तेलात मळ आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तिथे तो गुण, इथे दोष, कारण पाणी तळाला बसायच्या ऐवजी तेलातच घोळत राहते. आणि जळके ऑइल तर बोलायलाच नको. ते आपण दाराच्या बिजागरीला, वासाला, वाळवीला, कशालाही लावतो, म्हणून कोणी पंपातही ओतील अशी आम्हांला धास्ती वाटते. दोन गाईंच्या एका दिवसाच्या दुधात लिटरभर चांगले तेल येते, तिथे काटकसर कशाला?

सकाळ-संध्याकाळ सव्वा-सव्वा तास पंप चालला तर वर्षाला नऊशे तास होतात. नव्या किंवा दुरुस्त करून आणलेल्या पंपाचे पहिले तेल शंभर-सव्वाशे तासांनी, म्हणजे दीड महिन्याने काढावे, कारण पाती बसताना निघालेला चुरा त्यात असतो. पुढे पुस्तिकेप्रमाणे, आणि पुस्तिका नसेल तर वर्षातून दोनदा तरी. पांढरे किंवा काळे दिसले तर तारखेची वाट पाहू नये. तेल काढायचे ते पंप गरम असताना, म्हणजे तळाचा गाळ बरोबर येतो. थंड तेल काढले तर घाण आत आणि तेल बाहेर.

चालू करण्याआधी थंडीच्या दिवसांत मेन स्विच बंद ठेवून पुली हाताने दोन फेरे फिरवावी. पौषात पहाटे तेल घट्ट झालेले असते आणि व्होल्टेज कमी असले तर मोटर गुरगुरत उभी राहते. पंप दोन-चार मिनिटे मोकळा फिरू द्यावा, मग कप चढवावेत. बंद करताना आधी लाईनीत हवा घ्यावी, काटा शून्यावर आला की मग बटण. उलट करू नये. आमच्या प्रयोगशाळेत वाफेचे काम असल्यामुळे आम्ही कामाआधी अर्धा तास आणि कामानंतर अर्धा तास गॅस बॅलास्टची चावी उघडी ठेवून पंप चालवतो, म्हणजे तेलात शिरलेली ओल उडून जाते. दूधयंत्राच्या लाईनी पाण्याने धुतल्यावर ज्यांच्या पंपाला अशी चावी आहे त्यांनीही दहा-पंधरा मिनिटे तसे करावे.

थ्री फेजवर पंप असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. डीपी जळून नवी बसली किंवा लाईनमनने खांबावर काही केले की फेज उलटे होण्याचा संभव असतो. विहिरीची मोटर उलटी फिरली तर पाणी येत नाही, इतकेच. व्हॅक्यूम पंप उलटा फिरला तर तेल आत ओढायच्या तोंडाने लाईनीत फेकतो. म्हणून वीज दुरुस्तीनंतर लाईन सोडवून, क्षणभर बटण दाबून, पुलीवरच्या बाणाप्रमाणे फिरते का ते पाहावे.

पंप आणि लाईन यांच्यामध्ये जो डबा असतो, ज्यात तरंगता चेंडू असतो, तो काही अडगळ नव्हे. बकेट भरून वाहिली किंवा लायनर फाटला तर दूध पंपाकडे धावते, ते त्या डब्यात अडते. एका ठिकाणी तो डबा जागा अडवतो म्हणून काढून ठेवलेला आम्ही पाहिला. दूध पंपात गेले की गरम पात्यांवर त्याची साय जळते, खाचांत चिकटते, पाती सरकत नाहीत. असे झालेच तर उद्या पाहू म्हणू नये. त्याच दिवशी तेल गरम असताना काढून, नवे थोडे तेल घालून फिरवून तेही काढून, मग पुरते तेल भरावे.

मागच्या तोंडाचा धूर गोठ्यात सोडू नये. तो तेलाचा धूर आहे, माणसाच्या आणि जनावरांच्या छातीला वाईट. पाईप लावून गोठ्याबाहेर न्यावा, थोडा बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, म्हणजे साचलेले तेल परत पंपात येणार नाही. पाईपच्या टोकाला चिमण्यांनी घरटे केलेले किंवा कोणी पोत्याचा बोळा कोंबलेला चालणार नाही. मागचे तोंड बंद झाले तर पंपाचे सील फुटते.

आणि पट्ट्याची जाळी. धार काढणाऱ्या बहुतेक आमच्या भगिनी आहेत, आणि बाजारातून येणाऱ्या जुन्या पंपांवर जाळी क्वचितच असते. पट्टा आणि पुली यांच्यात पदर गेला तर मोटर थांबायची वाट पाहत नाही. गावच्या वेल्डरकडून एका दुपारात जाळी होते. ती बसल्याशिवाय पंप चालू करू नये, मग घरातला कर्ता माणूस काहीही म्हणो.

काढलेले जुने तेल पाटात किंवा उकिरड्यावर ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवून ठेवा आणि ट्रॅक्टरचे जुने ऑइल नेणाऱ्याला द्या.

पंप घ्यायचा विचार असणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी त्याच्या प्लेटचा स्वच्छ फोटो आणि आपल्या यंत्राची पुस्तिका घेऊन गट ऑफिसात यावे. प्लेट खरवडलेली असेल तर फोटो आणण्याची तसदी घेऊ नये, आणि तो पंपही.